ग्रिनिचचं ट्रामचं वीजघर



इमारत पाहायला शिकायचं म्हटलं की आपण देवळांकडे आणि राजवाड्यांकडे वळतो. आज मी तुम्हाला एका वीजघरापाशी नेणार आहे. लंडनला, थेम्स नदीच्या काठी, ग्रिनिचमध्ये ते उभं आहे. लंडन काउंटी कौन्सिलने आपल्या ट्रामगाड्यांसाठी ते बांधलं. काम १९०२ साली सुरू झालं, पहिला भाग १९०६ मध्ये चालू झाला आणि दुसरा १९१० पर्यंत पुरा झाला.

इथली वीज ६,६०० व्होल्टने शहरातल्या उपकेंद्रांकडे जाई. तिथे तिचा दाब उतरवून, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह करून ती ट्रामना दिली जाई. मध्य लंडनमध्ये डोक्यावर तारा नव्हत्या. दोन रुळांच्या मधोमध रस्त्यात एक अरुंद फट असे. गाडीखालचा दांडा त्या फटीतून आत उतरे आणि वीज घेई.

आता वीजघराकडे पाहा. विटांच्या उंच भिंती, त्यांना दगडाची जोड, आणि मोठमोठ्या कमानदार खिडक्या. या विटांच्या आत पोलादी सांगाडा आहे. खरा भार तोच पेलतो. मग हा जुना, अभिजात पेहराव खोटा म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. नदीकाठी जवळच वास्तुकार क्रिस्टोफर रेनने नौदलासाठी आखलेली भव्य वास्तू आहे आणि शेजारी १६१३ सालचं वृद्धाश्रमाचं बुटकं घर. अशा शेजारात लोकांच्या करातून कारखाना उभा करताना त्याला नीटनेटकं रूप देणं, हा मला शेजारधर्म वाटतो. ते रूप नुसतं वरवरचंही नाही. धुराडी जिथे आहेत तिथे खाली बॉयलर होते. शेजारच्या लांबलचक यंत्रशाळेत छपरातून उजेड येतो. कोळसा नदीतून यायचा, त्याचा धक्का थेट पाण्यात उभा आहे. त्याचे ओतीव लोखंडाचे खांबसुद्धा ग्रीक डोरिक घडणीचे आहेत! बोटीवरच्या हमालांशिवाय ते जवळून कोण पाहणार होतं? तरीही कुणीतरी ते मन लावून घडवले. मला या वास्तूतली सर्वांत जिव्हाळ्याची जागा हीच वाटते.

आणि धुराडी. एकूण चार. पहिली दोन बांधली ती २५० फुटांची, नंतरची दोन फक्त १८२ फुटांची. हे काही वास्तुकाराच्या मनात आलं म्हणून झालं नाही. वीजघराच्या दक्षिणेला, टेकडीवर, ग्रिनिचची शाही वेधशाळा होती. दुर्बीण बरोबर ओळंब्यात आहे का, हे तपासायला तिथले खगोलशास्त्रज्ञ ती खाली, पाऱ्याच्या थाळीवर रोखत आणि दुर्बिणीतल्या बारीक धाग्यांचं प्रतिबिंब पाहत. वीजघरातली अवाढव्य वाफेची इंजिनं मागेपुढे हलू लागली, जमिनीतून त्यांचा कंप टेकडीपर्यंत पोहोचू लागला आणि पारा थरथरला, की प्रतिबिंब फिस्कटे. शिवाय उत्तरेकडचे तारे पाहायचे ते धुराड्यांच्या धुरातून आणि तापल्या हवेतून. तक्रार झाली, १९०६ मध्ये समिती बसली. परिणाम असा की दुसऱ्या भागात हादरे देणाऱ्या इंजिनांऐवजी एकसारखी फिरणारी टर्बाइनं आली आणि धुराडी आखूड झाली. टेकडीवरच्या थाळीभर पाऱ्याने नदीकाठची यंत्रं बदलली आणि उत्तरेच्या ताऱ्यांनी धुराड्यांची उंची ठरवली!

जुन्या छायाचित्रांत उंचीचा हा फरक स्वच्छ दिसतो. तसं एखादं छायाचित्र मिळालं तर आधी धुराडी तळहाताने झाका आणि फक्त खालच्या कमानी पाहा. मग हात काढा आणि कोणती जोडी आधीची, कोणती नंतरची, ते ओळखा.