सातबारा अजून आजोबांच्याच नावावर



आपली अर्थव्यवस्था जगात कितवी, चौथी की पाचवी, यावर आमच्या कट्ट्यावर परवा एवढी हमरीतुमरी झाली, की चहा निवून गेला. मी एवढंच विचारलं, ‘ते असू दे हो, उताऱ्यावर नाव कुणाचं?’

गावी आमच्या जमिनीचा सातबारा काढला. आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली. विहीर चुलतभावानं खोदली, सोसायटीचं कर्ज त्यानं फेडलं, उताऱ्यावर मात्र अजून आजोबाच. वाटणीचा फेरफार करायचा तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, आणि मुंबईच्या काकांना सवड नाही.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत अगदी हेच चाललंय. चीन आज दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था. पण तिथं त्याचा हिस्सा सुमारे ६.४ टक्के, जपानपेक्षा किंचित कमीच! आपला २.७५. हिस्से बदलायला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साडेसोळा टक्के आहेत. करा वजाबाकी. मुंबईचे काका ते हे.

२०१० मध्ये एक छोटा फेरफार ठरला. अमेरिकी काँग्रेसची संमती मिळाली डिसेंबर २०१५ मध्ये! मग २०२३ अखेर सगळ्यांचे हिस्से ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, पण सरसकट. म्हणजे रान वाढवायचं, वाटण्या जुन्याच. हे पुन्हा सांगतो, कारण बातम्यांत ‘वाढ’ एवढंच ऐकू येतं: वाटण्या जुन्याच.

आता गंमत ऐका. १९४४ साली ब्रेटन वुड्सला ही मूळ वाटणी झाली, तेव्हा हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख होते. चीनला ५५ कोटी डॉलरचा हिस्सा, आपल्याला ४० कोटी. मोठा हिस्सा ठरलेला सोव्हिएत रशिया तेव्हा आत आलाच नाही, आणि पारतंत्र्यातला आपला देश पहिल्या पाचांत जाऊन बसला. आज स्वतंत्र आहोत, कितीतरी मोठे आहोत, आणि हिश्शात आठवे! कट्ट्यावरची मंडळी ऐकताहेत ना?

ब्रेटन वुड्सलाच ठरलेल्या जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा खडकीत जन्मले म्हणून आपण पेढे वाटले. वाटा, पण ते अमेरिकेचे नागरिक, अमेरिकेचेच उमेदवार.

फेरफार अडला की माणूस शेजारी दुसरं रान बघतो. ब्रिक्स गटाच्या तेव्हाच्या पाच देशांनी, त्यात आपणही, २०१४ मध्ये तेच केलं: स्वतःची वेगळी बँक काढायचं ठरवलं. बँक शांघायला, पाचही संस्थापकांचे हिस्से सारखे. छान. पण तिथलं कर्जही बरंचसं डॉलरमध्येच निघतं, म्हणजे रान आपलं नि विहीर पुन्हा काकांची.

बरं, काकांचा काल फोन आला होता. दिवाळीनंतर बघू, म्हणाले.