ग्रंथालयाची दृश्य ओळख

शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्यास सांगते, आणि ते कपाटांच्या रचनेइतकेच महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या इन्स्टाग्राम वा फेसबुकवरील खात्यालाही लागू पडते. परीक्षेच्या काळात वाचनकक्ष किती वाजेपर्यंत उघडा आहे किंवा भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे ‘शोधगंगा’ हे भांडार कसे वापरावे, अशी सूचना विद्यार्थ्याच्या मोबाइलवर क्षणभरच दिसते; ती आपल्या ग्रंथालयाची आहे हे मजकूर वाचण्यापूर्वीच कळावे म्हणून बोधचिन्ह, रंग, अक्षरे आणि मांडणी यांत जे सातत्य राखले जाते, त्याला दृश्य ओळख किंवा ब्रँडिंग म्हणतात. हा शब्द व्यापारातून आलेला असला, तरी येथे त्यामागचा हेतू वाचकाची सेवा हाच आहे.

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला राजाबाई टॉवरसारखी, १८७८ मध्ये पूर्ण झालेली आणि दुरूनही ओळखू येणारी वास्तू लाभली आहे. परंतु खात्याच्या चिमुकल्या वर्तुळात गॉथिक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून अशा वास्तूची केवळ बाह्यरेषा चिन्हासाठी घेणे इष्ट ठरते.

मराठी ग्रंथालयांची खरी कसोटी मात्र अक्षरांत आहे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार येत असल्यामुळे, रोमन मजकुरासाठी आखलेल्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे तयार साच्यात, मराठी मजकूर घातला की ओळी एकमेकींना भिडतात. शिवाय निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नसेल, तर संगणक परस्पर दुसराच फाँट वापरतो आणि जपलेली ओळख तेथेच विस्कटते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फाँट देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांसाठी असून तो खुल्या परवान्याखाली विनामूल्य मिळतो. अशी सोय असताना इंग्रजीसाठी सुबक अक्षरे आणि मराठीसाठी हाताला लागतील ती, हा भेद विद्येच्या संस्थेत मुळीच खपवून घेऊ नये.

रंगसंगतीत मंद दृष्टीच्या वाचकाचाही विचार हवा, कारण वेबच्या सुगम्यता निकषांनुसार साध्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते.

फलक बनवणारे विद्यार्थी स्वयंसेवक दरवर्षी बदलतात, त्यामुळे रंगांचे संकेतांक, फाँटचे नाव, ओळींमधील अंतर आणि चिन्हाभोवती सोडायची जागा एका पानावर लिहून ठेवावी आणि ते पान, मूळ साच्यांसह, ग्रंथालयाच्या अधिकृत खात्यात जपावे, कोणाच्या खासगी मोबाइलमध्ये नव्हे.