पुन्हा एकदा मराठीत



केज तालुक्यातील युसूफ वडगाव या गावाच्या नावातच दोन भाषा शेजारी नांदतात. मराठवाड्याला एका भाषेतील मजकूर दुसऱ्या भाषेत नेण्याचे काम नवे नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत येथील कारभार उर्दूत चाले आणि घरातील बोलणे मराठीत होई. त्याच्या कितीतरी आधी, शेजारच्या अंबाजोगाईत संस्कृतातील विचार मराठीत आणण्याचे कार्य झाले होते. एकदा मराठीत आलेला ग्रंथ पुन्हा मराठीत का आणावा, या प्रश्नाचे उत्तर याच परंपरेत सापडते.

ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवासे येथे गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका सांगितली. त्यानंतर सुमारे तीन शतकांनी अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१-१६१५) तीच गीता पुन्हा हाती घेतली. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. एवढ्यावर न थांबता त्यांनी ‘गीतार्थबोधचंद्रिका’ ही पुष्कळ आटोपशीर टीकाही लिहिली. विस्तार हवा असणारा श्रोता वेगळा आणि थोडक्यात अर्थ हवा असणारा वेगळा. दुसऱ्या ग्रंथाने पहिल्याला खोटे ठरविले नाही.

पुढे सतराव्या शतकात वामन पंडितांनी गीतेचे समश्लोकी भाषांतर केले. विनोबा भावे यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांना संस्कृत गीता समजत नसे. विनोबांनी त्यांना वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली, परंतु तीही त्यांना अवघडच वाटली. तेव्हा मुलानेच सोपी गीता लिहावी, असे त्यांनी सुचविले. १९१८ मध्ये त्या निवर्तल्या. विनोबांनी १९३० मध्ये ‘गीताई’ लिहावयास घेतली, १९३१ मध्ये ती पूर्ण केली आणि १९३२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्या लाखो प्रती घरोघर गेल्या. वामन पंडितांची विद्वत्ता थोरच होती. मात्र मधल्या काळात बोली बदलली होती आणि एका घरातील श्रोता दाराबाहेर राहिला होता.

पुन्हा भाषांतर करताना मर्यादाही पाळावी लागते. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठांचे शुद्धीकरण केले आणि त्या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. भाषा सोपी करावी, पण मूळ आशयात भर किंवा तूट करू नये, हा धडा भाषांतरकारालाही लागू पडतो.

राज्यकारभारासही हा विचार उपयुक्त आहे. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्याची राजभाषा ठरली. तथापि मराठीत निघालेले प्रत्येक परिपत्रक ग्रामसभेत समजतेच असे नाही. एखादा जड शब्द कळला नाही म्हणून अर्जाची मुदत निघून गेली, तर नुकसान शेतकऱ्याचे होते. अशा वेळी ग्रामसेवकाने व शिक्षकाने तो मजकूर गावाच्या बोलीत पुन्हा सांगावा. मुदत, रक्कम व अटी मात्र मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. ‘फेरफार’, ‘नक्कल’ यांसारखे रुळलेले शब्द हटविण्याचे कारण नाही.

भाषांतराची कसोटी ऐकणाऱ्यापाशी असते. रुक्मिणीबाईंसारखा श्रोता ‘हे कळत नाही’ असे म्हणतो, तेव्हा तो दोष श्रोत्याचा न मानता काम पुन्हा हाती घेणे, हेच जाणत्यांचे कर्तव्य होय.