व्यवसायोपचाराचे शिक्षण आणि आपली शिष्यवृत्ती
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



आम्ही पेशाने शिक्षक. वैद्यकात आमचा अधिकार नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. तरीही आज व्यवसायोपचार या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत, त्याला कारण आहे. आपल्या न्यासाच्या शिष्यवृत्तीवर आमची एक विद्यार्थिनी मुंबईस जाऊन हा अभ्यासक्रम शिकली. तिचा अर्ज सभेपुढे आला तेव्हा एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले होते, "हे धंदेशिक्षण आहे की डॉक्टरकी?" त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते आज द्यावे म्हणतो.

घोटाळा 'व्यवसाय' या शब्दाने होतो. येथे व्यवसाय म्हणजे केवळ पोटापाण्याचा धंदा नव्हे. सकाळी उठून तोंड धुणे, वजू करणे, सदऱ्याची बटणे लावणे, भाकरी थापणे, दुकानाचा हिशेब लिहिणे, मुलांचे खेळणे, ज्या ज्या कामांनी माणसाचा दिवस भरतो ती सर्व यात येतात. अर्धांगवायू, अपघात, मनाचा आजार किंवा जन्मापासूनचे व्यंग यांमुळे ही कामे अडली, म्हणजे ती पुन्हा कशी साधतील हे पाहणारी ही विद्या आहे.

अमेरिकेत १९१७ साली या विद्येच्या प्रसारासाठी पहिली राष्ट्रीय संस्था निघाली. आपल्या देशात तिचे रोप लावले ते कमलाबाई निंबकर यांनी. बाई जन्माने अमेरिकन. निंबकरांच्या मराठी घरात सून म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. अमेरिकेत या विद्येचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशिया खंडातील ही पहिली शाळा मानली जाते. पुढे दोनच वर्षांनी, १९५२ साली, या विद्येचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव होते. मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट, पण ती आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता अभ्यासाविषयी. पदवीला चार वर्षांहून अधिक काळ लागतो आणि शेवटचा भाग आंतरवासितेचा असतो. ज्याला पुढे जायचे त्याला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास असतो. शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, अस्थिरोग, मज्जासंस्थेचे रोग, मनोविकार, हे सर्व शिकावे लागते. पण या विद्येचे खास अंग म्हणजे कामाची फोड करणे. साधी भाकरी घ्या. पिठात पाणी किती घालावे याचा अंदाज हवा. मळताना मनगटात जोर हवा. थापताना बोटे पसरली पाहिजेत. उचलून तव्यावर टाकताना दोन्ही हातांचा मेळ हवा. विस्तवाचे भान हवे आणि कशामागून काय करायचे हा क्रम ध्यानात हवा. ज्या बाईचा एक हात दुबळा झाला तिची गाडी यांपैकी नेमकी कोठे अडते, हे शोधायचे. मग परात सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके घालायचे, उभे राहवत नसेल तर बैठक बदलायची, आणि प्रथम नुसती भाकरी उलटण्यापासून आरंभ करायचा.

हे पुस्तकात वाचून येत नाही. म्हणून जागतिक महासंघाच्या किमान मानकांत प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणासाठी निदान १००० तास सांगितले आहेत. रोज आठ तास धरले तर हे सव्वाशे दिवस होतात. आम्ही बी. एड. करीत असताना पाठाचे टाचण घेऊन वर्गात उभे राहत असू आणि मार्गदर्शक मागच्या बाकावर बसून आमच्या चुका टिपीत असत. त्या बाकाने आम्हाला जेवढे शिकविले तेवढे ग्रंथांनी शिकविले नाही. इकडेही तसेच. विद्यार्थी कधी हाडांच्या कक्षात, कधी मनोरुग्णांत, कधी बालकांत, कधी वस्तीत काम करतो, आणि अनुभवी मार्गदर्शक त्याच्यावर नजर ठेवतात.

या शिक्षणाचा प्रत्यय आम्हाला आमच्याच एका चुकीतून आला. पाचवीत एक मुलगा होता. तोंडी उत्तरे चोख देई, पण अक्षर वेडेवाकडे आणि पेपर नेहमी अर्धा. आम्ही त्याला आळशी ठरविले. रोज दोन पाने शुद्धलेखन, शिवाय वर्गात बोलणी. पुढे पुढे तो श्रुतलेखनाच्या दिवशी शाळेतच येईनासा झाला. त्या सुमारास ही आमची विद्यार्थिनी सुटीत घरी आली होती. मुलाच्या आईवडिलांना विचारून आम्ही तिला वर्गात बोलाविले. तिने वही मागितली नाही. ती त्याच्या शेजारी बसली आणि आधी त्याच्या पायांकडे पाहिले. बाक उंच, पाय लोंबकळत होते. पेन्सिल तो इतकी आवळून धरी की चौथ्या ओळीला बोटे दमत. "सर, हा आळशी नाही, हा थकतो," एवढेच ती म्हणाली. वर हेही म्हणाली की, "मी अजून शिकते आहे, बाईंना विचारल्याशिवाय काही ठरवायचे नाही."

मुंबईस परतल्यावर तिने आपली टिपणे मार्गदर्शिकेपुढे ठेवली. त्यांनी एकच प्रश्न केला, "त्या मुलाला काय लिहायला आवडेल, हे विचारलेस का?" तिने विचारले नव्हते. आम्हीही पाच महिन्यांत विचारले नव्हते. विचारले तेव्हा कळले की त्याला क्रिकेटच्या सामन्याची गुणवही लिहायची होती! मग पायाखाली पाट आला, वहीखाली उतरती फळी आली, पेन्सिलीला चिंधी गुंडाळून ती जाड केली, आणि शुद्धलेखनाची जागा गुणवहीने घेतली. अक्षर आजही सुंदर नाही, पण पेपर पुरा होतो आणि शाळा चुकत नाही. त्याच्याजवळ आम्ही आमची चूक कबूल केली आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती शेवटच्या लेखी परीक्षेबरोबर संपते. आंतरवासिता म्हणजे नोकरीच, अशी आपली समजूत. वस्तुतः याच महिन्यांत खोलीचे भाडे, खानावळ आणि या रुग्णालयातून त्या वस्तीत जाण्याचे भाडे अंगावर पडते. आमच्या विद्यार्थिनीने याच वेळी शिक्षण सोडून घरी परतण्याचे ठरविले होते. तिच्या अब्बांनी दुकानातील माल उधारीवर घेऊन ते दिवस निभावले. निभावले नसते तर न्यासाने भरलेली सर्व फी फुकट गेली असती, आणि आम्ही त्या मुलाला अजून शुद्धलेखन घालीत बसलो असतो.

म्हणून विश्वस्तांना नम्र विनंती की, सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी नियमात एकच ओळ वाढवावी: प्रत्यक्ष कामाचे शिक्षण पुरे होईपर्यंत शिष्यवृत्ती चालू राहील. यंदा आणखी दोन मुलांचे अर्ज आले आहेत, एक व्यवसायोपचाराचा आणि एक परिचारिकेच्या शिक्षणाचा. त्यांच्यापासूनच आरंभ व्हावा.