बंद पडलेले शिवणयंत्र भंगारात देण्यापूर्वी
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पिकांवर बोलणारा माणूस आज शिवणयंत्राविषयी काय सांगणार, असे आपणांस वाटेल. परंतु पायाने चालवायचे काळे लोखंडी यंत्र अनेक घरांत माळ्यावर पडून असते. चाक फिरत नाही म्हणून ते किलोच्या भावाने भंगारात जाते. असे यंत्र बहुधा झिजलेले नसते, तर वाळलेल्या तेलाने जखडलेले असते. दुरुस्त झाले तर घरचे शिवण घरी होते आणि एखाद्या भगिनीला चार पैसेही मिळतात.

तेलाचा मुद्दा जरा विस्ताराने सांगतो, कारण तो आपल्या पिकांशी निगडित आहे. घरात असेल ते तेल यंत्रात सोडण्याची सवय फार घातक आहे. जवस व करडईचे तेल हवेत वाळून त्याचा पापुद्रा धरतो. जवसाचे तेल रंगात वापरतात ते याच गुणामुळे. खोबरेल थंडीत गोठते. शेंगदाण्याचे तेलही कालांतराने चिकट होते. इंजिनचे ऑइल फार दाट पडते. म्हणून शिवणयंत्राचे पातळ, स्वच्छ खनिज तेलच वापरावे. बाटली लहान मिळते, पण दीर्घकाळ पुरते.

प्रथम पट्टा काढावा. दाबपट्टीखालची पत्री उघडून दात्यांमध्ये घट्ट बसलेला कापसाचा थर टाचणीने काढावा. नंतर तेलाच्या प्रत्येक छिद्रात व फिरणाऱ्या प्रत्येक सांध्यावर रॉकेलचे थेंब सोडावेत. रॉकेल न मिळाल्यास डिझेल चालेल. जवळ चूल किंवा विडी नको. रात्रभर मुरू द्यावे. सकाळी हातचाक मागेपुढे हलक्या हाताने हलवावे. हातोडी मारू नये, बिडाचा भाग तडकतो. चाक मोकळे झाले की घाण पुसून तेल द्यावे. चाक फिरते पण सुई हलत नाही, अशी तक्रार असल्यास चाकाच्या मध्यावरची चकती सैल आहे का पाहावे. बॉबिन भरताना ती सैल करतात व आवळायची राहून जाते!

शटलवरचा गंज अगदी बारीक पॉलिश पेपरने काढावा, मात्र त्याच्या टोकाची धार घासू नये.

जुनी सुई फेकून नवी बसवावी. साध्या सुती कापडास १४ नंबर, जाड कापडास १६ नंबर. सुईची लांब खाच दोरा ओवण्याच्या बाजूस व चपटी बाजू शटलकडे असावी. सुई उलटी बसली की टाका पडतच नाही, आणि दोष यंत्राला लागतो. गोणपाट किंवा ताडपत्री या यंत्रावर शिवू नये; सुई वाकते व शटलचे टोक बिघडते.

दोरा न ओवता प्रथम कागदावर यंत्र चालवून पाहावे. भोके सारख्या अंतरावर पडली तर दाते ठीक आहेत. मग पट्टा चढवावा. सैल असल्यास थोडा कापून पुन्हा आकडी लावावी. शेवटी कापडावर टाका घालावा. कापडाखाली दोऱ्याची गुंतवळ होत असेल तर बॉबिनला हात लावू नये. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमधून गेलेला नसतो किंवा ताण कमी असतो. दाबपट्टी वर उचलून दोरा पुन्हा ओवावा.