शेठशिवाय क्लब टिकतो का? डॉर्टमुंडची गोष्ट

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे गाळलेत, तरी काही राहिलेच असतील.)



मॅच बघायला चार जण जमले की एक वाद ठरलेला असतो. एक जण म्हणतो, "फुटबॉल आता पैशाचा खेळ झालाय. पाठीशी शेठ असेल तर ट्रॉफी, नसेल तर टाळ्या." दुसरा लगेच डॉर्टमुंडचं नाव काढतो. तिसरा हसतो, कारण डॉर्टमुंडने शेवटची लीग जिंकली २०१२ ला. तेवढ्यात पिझ्झा येतो आणि वाद तिथेच राहतो. आज तो वाद जरा पुढे नेऊ.

आधी शेठ म्हणजे कोण ते ठरवू. शर्टवर जाहिरात लावणारी कंपनी म्हणजे शेठ नाही, तो झाला व्यवहार. शेठ म्हणजे क्लबला तोटा झाला की स्वतःच्या खिशातून भरून देणारा माणूस, किंवा हल्ली एखादा देशच. चेल्सीला २००३ मध्ये अब्रामोविच मिळाला आणि २००५, २००६ अशी सलग दोन वर्षं लीग आली. मँचेस्टर सिटी २००८ मध्ये अबू धाबीकडे गेली, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तर प्रश्न असा, की असं कुणी पाठीशी नसताना एखादा क्लब वर्षानुवर्षं वर राहू शकतो का?

मी सरळ २७ मे २०२३ या दिवसापासून सुरू करतो. बुंडेसलीगाचा शेवटचा दिवस. डॉर्टमुंड बायर्नच्या दोन गुण पुढे. घरचं मैदान, ८१ हजार लोक, समोर माइन्झ. जिंकले की विषय संपला. आणि अर्ध्या तासाच्या आत हे ०-२ ने मागे! मध्ये एक पेनल्टीही वाया गेली. तिकडे कोलोनमध्ये बायर्न १-० ने पुढे होतं, पण ८१ व्या मिनिटाला कोलोनने पेनल्टीवर बरोबरी केली. त्या क्षणी स्वतःची मॅच हरत असूनही डॉर्टमुंड चॅम्पियन होतं. आठेक मिनिटं. मग ८९ व्या मिनिटाला मुसियालाने गोल मारला. डॉर्टमुंडची मॅच २-२ सुटली, दोघांचे ७१-७१ गुण झाले, आणि गोलफरकावर बायर्नला सलग अकरावी लीग मिळाली.

त्या दिवशी बेलिंगहॅम दुखापतीमुळे बेंचवर बसून होता. काही आठवड्यांत तो रेआल माद्रिदला गेला. १० कोटी युरोच्या वर पैसे आले. लीग हातची गेली आणि सगळ्यात भारी खेळाडूही गेला. डॉर्टमुंडच्या चाहत्याला हे नवीन नव्हतंच म्हणा.

आता जरा मागे जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. गंमत कसली, डोकेदुखीच.

नव्वदच्या दशकात डॉर्टमुंड मोठी टीम होती. १९९५ आणि १९९६ ला लीग, १९९७ ला युव्हेंटसला ३-१ हरवून चॅम्पियन्स लीग. शहर म्हणाल तर कोळसा, पोलाद आणि बिअरचं. त्यातला कोळसा तेव्हाच बंद झाला होता आणि पोलादही आटत चाललं होतं. म्हणजे शहरात पैसा कमी होतोय आणि क्लबची भूक वाढतेय. शेठ आणायचा तर जर्मनीत नियम आडवा येतो. त्याला ५०+१ म्हणतात. क्लबचं व्यावसायिक अंग वेगळी कंपनी म्हणून काढता येतं, पण त्या कंपनीत मतांचा बहुमताचा हक्क सदस्यांच्या मूळ संस्थेकडेच राहिला पाहिजे. कुणीही येऊन क्लब विकत घेऊ शकत नाही. लेव्हरकुसेनसारखे एक-दोन जुने अपवाद आहेत, आणि लाइपझिगने नियमाला जी बगल दिली त्यावर एक वेगळा एपिसोड होईल. असो.

मग डॉर्टमुंडने काय केलं? ऑक्टोबर २००० मध्ये शेअर बाजारात उतरले, ११ युरोला एक शेअर. असं करणारा जर्मनीतला तो पहिला क्लब. कंपनीची रचना अशी केली की शेअर कितीही विकले तरी कारभार सदस्यांच्या संस्थेकडेच राहील. कल्पना वाईट नव्हती. वाईट होतं ते आलेल्या पैशाचं नियोजन. २००१ मध्ये आमोरोसोसाठी अडीच कोटी युरोच्या आसपास मोजले, तोवरची बुंडेसलीगातली सगळ्यात महाग खरेदी. २००२ ला लीग जिंकलीही. आणि हिशेब काय, तर दरवर्षी चॅम्पियन्स लीग खेळणार आणि तिथून पैसा येणार. २००३ च्या ऑगस्टमध्ये पात्रता फेरीत क्लब ब्रुगेकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरले आणि तो पैसा आलाच नाही.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे मला हे ओळखीचं वाटतं. सगळं छान चाललंय असं धरून सिस्टीम बांधायची आणि एक सर्व्हर पडला की काय होईल याचा विचारच करायचा नाही.

तोवर त्यांनी आपलं स्टेडियमही एका गुंतवणूक फंडाला विकून टाकलं होतं. स्वतःच्याच घरात भाडेकरू! भाडं भरमसाट, कर्ज १० कोटी युरोच्या पार. अवस्था इतकी वाईट की २००४ मध्ये बायर्न म्युनिकने त्यांना २० लाख युरो उसने दिले, तेही काही तारण न घेता. खेळाडूंचे पगार कापले गेले. आणि १४ मार्च २००५ ला ड्युसेलडॉर्फ विमानतळावर त्या फंडाच्या गुंतवणूकदारांची बैठक झाली. भाडं पुढे ढकलायला त्यांनी नकार दिला असता तर क्लब बुडाला असता. हे कुणी फुटबॉलचे चाहते नव्हते, पैसे गुंतवलेली साधी माणसं होती. ९४ टक्क्यांहून जास्त मतं क्लबला वाचवण्याच्या बाजूने पडली.

का पडली? प्रेमाने नाही. डॉर्टमुंड बुडालं असतं तर त्यांच्या हातात एक अवाढव्य काँक्रीटचा सांगाडा उरला असता आणि त्यात राहायला दुसरं कोण येणार होतं? २५ हजार माणसं उभं राहून ओरडतील असा स्टँड बांधलाय, तिथे तुम्ही मॉल थोडाच काढणार? त्या पिवळ्या गर्दीमुळेच त्या जागेला किंमत होती. शेठ नसलेल्या क्लबची खरी मालमत्ता हीच असते, असं माझं मत आहे.

त्याच वर्षी कारभार आला हान्स-योआखिम वात्स्के यांच्याकडे. यांची स्वतःची कंपनी अग्निशमन दलाचे कपडे बनवणारी. (हो, खरंच.) त्यांनी खर्च कापला, स्टेडियमचं नाव एका विमा कंपनीला विकलं, २००६ मध्ये नवं कर्ज काढून स्टेडियम परत घेतलं. आणि हातात पैसे नसल्यामुळे पोरांना खेळवावं लागलं. २००८ ला क्लॉप आला. गोत्झे आणि शाहीन क्लबच्याच अकादमीतले. कागावा जपानहून आला साडेतीन लाख युरोला. साडेतीन लाख! लेवांडोव्हस्की पोलंडमधून पन्नास लाखांच्या आत. याच टीमने २०११ ला लीग, २०१२ ला लीग आणि कप दोन्ही जिंकले. कपच्या फायनलमध्ये बायर्नला ५-२ ने धुतलं.

म्हणजे शेठशिवाय जिंकता येतं. हे सिद्ध झालं. पुढचा प्रश्न, टिकता येतं का.

एप्रिल २०१३. रेआल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीग सेमीफायनलच्या आदल्या दिवशी बातमी फुटली की गोत्झे बायर्नला चाललाय, करारातल्या कलमाप्रमाणे ३ कोटी ७० लाख युरोला. दुसऱ्या दिवशी लेवांडोव्हस्कीने रेआलला चार गोल मारले. आणि वर्षभरात करार संपल्यावर तोही बायर्नला गेला, फुकट. पुढे हुमेल्सही तिकडेच. विचार करा, तुम्ही चांगले आहात हे जगाला दिसलं की तुमच्या खेळाडूंचे भाव आणि पगाराच्या अपेक्षा लगेच वाढतात. तुमचं उत्पन्न मात्र त्या वेगाने वाढत नाही. शेठवाला क्लब अशा वेळी पगार दुप्पट करतो आणि माणूस ठेवून घेतो. तुम्हाला ते परवडत नाही. म्हणजे तुमचं यशच तुमची टीम फोडतं.

डॉर्टमुंडने मग यालाच धंदा बनवलं. देंबेले २०१६ मध्ये दीड कोटीला घेतला, वर्षभरात साडेदहा कोटीला विकला. सांचो ऐंशी लाखांच्या आसपास घेतला, साडेआठ कोटीला विकला. हालांड दोन कोटी, विकला सहाला. बेलिंगहॅमचं मघाशी सांगितलंच. तरुण पोरांना इथे पहिल्या वर्षापासून खेळायला मिळतं, म्हणून ते इथे येतात. पण ते येतानाच जायची तारीख मनात घेऊन येतात. देंबेलेने तर जाण्यासाठी सरावालाच दांडी मारली होती. अशा टीमकडून सलग तीन वर्षं एकसारखा खेळ कसा होणार? एक पिढी जमते ना जमते, तोच अर्धी विकलेली असते. २०२४ ला पुन्हा चॅम्पियन्स लीगची फायनल गाठली, रेआलकडून २-० हरले.

इथे कुणीतरी म्हणेल, "अरे, मग बायर्नचं काय? त्यांनाही शेठ नाहीये." बरोबर आहे, आणि हा मुद्दा मला बरेच दिवस छळत होता. बायर्नचे ७५ टक्के शेअर सदस्यांच्या संस्थेकडेच आहेत, उरलेले आदिदास, आउडी आणि अलियान्झ यांच्यात समान वाटलेत. पण ती नावं परत ऐका. तिन्ही बव्हेरियातल्या कंपन्या, अलियान्झ तर म्युनिकचीच. शिवाय १९७४ ते १९७६ सलग तीन युरोपियन कप जिंकून त्यांनी नाव आधीच कमावलेलं. बायर्नला श्रीमंत मालक नाही, पण श्रीमंत शेजार आहे. डॉर्टमुंडच्या शेजारी बंद पडलेली पोलादाची भट्टी होती, तिथे आता तळं केलंय.

म्हणून माझं उत्तर थोडं वाकडं आहे. शेठशिवाय पहिल्या चारात वर्षानुवर्षं राहता येतं, डॉर्टमुंड ते करतंय. पहिलं कायम राहायचं असेल तर शेठ तरी हवा, नाहीतर पन्नास वर्षांपूर्वी सुरुवात केलेली हवी.

आणि शेठ असला की सगळं ठीक, असंही नाही. रशियातल्या आंझी क्लबने २०११ मध्ये एतोला आणलं, २०१३ मध्ये मालकाने बजेट कापलं, २०१४ मध्ये टीम खालच्या लीगमध्ये. अब्रामोविचवर निर्बंध आले तेव्हा मार्च २०२२ मध्ये चेल्सीला नवीन तिकिटंसुद्धा विकता येत नव्हती. फार लांब कशाला जायचं? मुंबईची महिंद्रा युनायटेड २००६ ला राष्ट्रीय लीग जिंकली, २०१० ला बंद. पुण्यात तर तीन-तीन क्लब झाले. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरी आली आणि दोनच वर्षांनी आय-लीगमधून गेली. डीएसके शिवाजीयन्स दोन सीझन. एफसी पुणे सिटी २०१८ ला आयएसएलची सेमीफायनल खेळली आणि २०१९ ला तिच्या जागी हैदराबाद आलं. बालेवाडीच्या स्टँडमध्ये ढोल बडवणाऱ्या पोरांना कुणी विचारलं नाही, कारण त्यांना विचारावं असा नियमच नव्हता. विमानतळावर बैठक नाही, मतदान नाही. एक प्रेस रिलीज, बास.

हेही खरं, की डॉर्टमुंडचे सदस्य म्हणजे काही संत नाहीत आणि पैशाची गरज त्यांच्या क्लबलाही आहेच. २०२४ मध्ये क्लबने एका शस्त्रास्त्र बनवणाऱ्या कंपनीची स्पॉन्सरशिप घेतली. बरेच सदस्य खवळले. शेठ नसला की पैसा कुठून घ्यायचा हा प्रश्न दर वर्षी नव्याने येतो आणि दर वेळी उत्तर आवडेलच असं नाही. पण तिथे वार्षिक सभेत उभं राहून "हे आम्हाला मान्य नाही" असं माइकवर सांगता येतं. आपल्याकडे आपण इन्स्टावर कमेंट करतो.

तुमच्यापैकी कुणी बालेवाडीला किंवा कूपरेजला मॅच बघायला जायचात का? असाल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडला ऐकवू. पुढच्या वेळी बोलू ॲथलेटिक बिल्बाओबद्दल. तेही सदस्यांचेच, पण खेळाडू फक्त बास्क. तिथे तर बाहेरून घेऊन महाग विकायची सोयही नाही. भेटू मग.