आपले मन आपल्याला किती कळते?



मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. शाळा मध्येच सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांत आणि वाचनालयात झाले. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण युनियनच्या कामात तो रोज पुढ्यात येतो.

जव्हार-मोखाड्याकडे, दाभोशाच्या धबधब्याचे पाणी ओसरू लागले आणि दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबे घराला कडी लावून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते. हंगामात ती फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेथेच. अशा माणसाला विचारावे, "का जातोस बाबा?" तर तो म्हणतो, "राजीखुशीने." मग मालक आम्हाला विचारतो, "त्याचे मन त्याच्याहून तुम्हाला जास्त कळते काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

1977 साली निस्बेट आणि विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. दुकानात पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून उत्तम कोणता ते गिऱ्हाइकांना विचारले. चारही जोड अगदी एकसारखे होते. तरी सर्वांत उजवीकडचा जोड लोकांनी अधिक निवडला. कारण विचारता वीण, पोत अशी उत्तरे आली. जागेचे नाव कोणी घेतले नाही. जागेमुळे तर नव्हे ना, असे विचारल्यावर बहुतेकांनी ते साफ नाकारले. 2005 साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दोन छायाचित्रांतून एक निवडावयास सांगून हातचलाखीने दुसरेच हाती दिले. बहुतेक वेळा अदलाबदल ध्यानात आली नाही, आणि न निवडलेल्या चेहऱ्याची निवड का केली याची कारणे मंडळींनी खुशाल सांगितली!

ही माणसे खोटे बोलत नव्हती. आपल्याला काय वाटते हे माणसाला बऱ्यापैकी कळते. भूक, दुखणे, अपमान यांची साक्ष त्याचीच. पण तसे का वाटते, हे आत डोकावून दिसत नाही. तेथे आपण पटेल असे कारण जुळवतो.

तर मग कामगाराचे मन पुढाऱ्याने ठरवावे काय? मुळीच नाही. 2002 साली एमिली प्रोनिन व तिच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, कल इतरांच्या निर्णयात माणसाला चटकन दिसतो, स्वतःच्या निर्णयात दिसत नाही. हा नियम मालकाला लागू आहे, तसाच व्यासपीठावर उभ्या असलेल्या मलाही.

म्हणून वाद मनावर ठेवू नये, परिस्थितीवर आणावा. उचल किती? हिशेबाची वही कोणाकडे? मध्येच काम सोडून जाता येते काय? रोज किती पडतो? वेठबिगारी नष्ट करणारा कायदा 1976 साली झाला. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सक्ती केवळ दंडुक्याची नसते. पोटाची लाचारीही सक्तीच, आणि किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम ही वेठच. म्हणजे कामगार राजी होता एवढ्यावर न्यायालय थांबले नाही.

1945 साली उंबरगाव-डहाणूकडचे वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. लग्नासाठी कर्ज घेऊन सावकाराकडे राबणारे लग्नगडी त्यांत होते. गोदावरी परुळेकरांनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. मला त्यातून असे दिसते की, दुःख त्या माणसांना ठाऊकच होते. ते कोणी बाहेरून शिकवावे लागले नाही. त्याचे कारण मात्र एकेकट्याला नशीब वाटत होते. चौघांनी एकत्र बसून आपापली हकीकत सांगितली, तेव्हा सगळ्यांचे नशीब एकाच वहीत लिहिलेले आढळले.

आपणही एवढे करावे. मोठा निर्णय घेण्यापूर्वी त्याची कारणे कागदावर लिहून ठेवावीत, वर्षाने वाचावीत, आणि जी माणसे रोज आपल्याबरोबर राबतात त्यांना आपल्याविषयी विचारावे. उत्तर गोड लागणार नाही. पण ऐकून घ्यावे.